सेन्सरमधलं सोनं कुठं टिकतंय आणि कुठं उखडतंय

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, माझ्या मामांचं छोटं दुकान आहे, आणि मी गॅस सेन्सरसाठी सोन्याच्या, प्लॅटिनमच्या फिल्म, म्हणजे अगदी पातळ थर, मारतो हे कळल्यापासनं ते भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "काय, या आठवड्यात किती तोळं उडवलंस?" त्यांना जे सांगतो तेच इथं सांगतो, कारण हा प्रश्न सगळेच विचारतात. सोन्याची घनता १९.३ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, आमची फिल्म १०० नॅनोमीटरची, पेढ्यावरचा चांदीचा वर्खसुद्धा याच्यापुढं जाड म्हणायचा, तर एक चौरस सेंटीमीटरवर सोनं बसतंय ०.१९ मिलिग्रॅम. एका तोळ्यात, दहा ग्रॅम धरा, पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागा मढवून निघेल. हे अर्थात कागदावर. स्पटरिंग करताना, म्हणजे व्हॅक्यूममध्ये आयनांचा मारा करून धातूचे अणू उडवताना, टार्गेटवरनं, म्हणजे सोन्याच्या तबकडीवरनं, उडालेलं बरंचसं सोनं चेंबरच्या भिंतीवर, शटरवर, मास्कवर जाऊन बसतं, म्हणून आत अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावायचं आणि ते फॉइल जपून ठेवायचं, आणि सराफी दुकानांच्या कचऱ्यातनं सोनं काढणारे झारेकरी ज्या गावात आहेत तिथं ते सोनं परत काढून देणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही.

तर सोनं किती लागतं हा मुद्दा तिथंच संपतो. पण लोक पुढं विचारतात तेही त्याच वळणाचं असतं, धातू कुठला, शुद्धता किती, जाडी किती. आणि इतकी वर्षं हे काम जवळनं बघितल्यावर माझं ठाम मत झालंय की सेन्सर या तीन गोष्टींमुळं सहसा मरत नाही. तो मरतो फिल्मच्या खाली जो थर असतो त्याच्यामुळं, फिल्ममधल्या भोकांमुळं, आणि अ‍ॅसिडमध्ये महिनोन्‌महिने राहिल्यावर कामाचं क्षेत्रफळ किती उरतंय त्याच्यामुळं. चकचकीत फिल्म बघून खूश होणारे खूप भेटतात, त्यांना मी म्हणतो आधी अ‍ॅसिडमध्ये भिजवून ठेवा, मग बोलू.

आधी एक गोंधळ मिटवू. शिवाजी विद्यापीठाच्या फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये थिन फिल्मचं काम कित्येक दशकं चाललंय, स्प्रे पायरोलिसिस, केमिकल बाथ, सिलार अशा पद्धती, म्हणजे व्हॅक्यूम न वापरता बीकरमध्ये आणि हॉट प्लेटवर फिल्म करायची विद्या इथल्या पोरांच्या हातात बसलेली आहे, आणि त्यातनं जे गॅस सेन्सर होतात ते बहुतेक मेटल ऑक्साइडचे. टिन ऑक्साइड, झिंक ऑक्साइड, खाली हीटर, तापमान २०० ते ४०० डिग्री, गॅस लागला की रेझिस्टन्स बदलतो. ते फार चांगलं काम आहे, पण मी बोलतोय तो सेन्सर वेगळा. याला हीटर नाही, हा साध्या खोलीच्या तापमानाला चालतो, आणि याच्या आत खरोखरचं अ‍ॅसिड असतं.

होतं असं की कार्बन मोनॉक्साइडचा रेणू सेन्सरच्या तोंडावरच्या बारीक भोकातनं आत येतो, टेफ्लॉनच्या सच्छिद्र पडद्यातनं पलीकडं जातो, आणि तिथं त्याला धातू आणि अ‍ॅसिड दोन्ही एकाच जागी भेटले तर तो पाण्याच्या रेणूबरोबर रिअ‍ॅक्शन करून कार्बन डायऑक्साइड होतो आणि दोन इलेक्ट्रॉन सोडून जातो. हायड्रोजन सल्फाइड असेल तर तो सल्फ्युरिक अ‍ॅसिडपर्यंत जातो आणि आठ इलेक्ट्रॉन देतो. समोरच्या काउंटर इलेक्ट्रोडवर ऑक्सिजन तेवढे इलेक्ट्रॉन उचलतो आणि पाणी होतं. तिसरा रेफरन्स इलेक्ट्रोड, तो फक्त पोटेन्शियल, म्हणजे विजेचा दाब, जागेवर ठेवायला. पडद्याच्या मागं प्लॅटिनम ठेवायची ही कल्पना लेलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाची, १९५६ साली त्यानं रक्तातला ऑक्सिजन मोजायला प्लॅटिनम इलेक्ट्रोड पॉलिथिनच्या पडद्याआड ठेवला, आज जे कमरेला लावायचे गॅस डिटेक्टर मिळतात त्यातले विषारी वायूंचे बहुतेक सेन्सर त्याच घराण्यातले.

करंट किती येतो बघा. एक नॅनोअँपिअर म्हणजे सेकंदाला साधारण ६२४ कोटी इलेक्ट्रॉन. म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचे ३१२ कोटी रेणू, किंवा हायड्रोजन सल्फाइडचे ७८ कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं, पण सर्किटच्या दृष्टीनं हा करंट काहीच नाही, चांगला सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा, सेन्सर हवेतल्या एका पीपीएमला, म्हणजे दहा लाखात एका भागाला, पन्नास ते शंभर नॅनोअँपिअर देतो, आणि एवढ्याशा करंटवर माणसाचा जीव अवलंबून असतो.

आता मुख्य गोष्ट, जी मला वाटतं फार कमी जण नीट समजून घेतात. चांगल्या सेन्सरमध्ये करंट किती येणार हे धातू ठरवत नाही, तोंडावरचं भोक ठरवतं. भोकातनं जेवढा गॅस आत येईल तेवढा सगळा इलेक्ट्रोडनं जागच्या जागी खाऊन टाकला पाहिजे, काही शिल्लक ठेवायचं नाही. म्हणजे इलेक्ट्रोडची ताकद गरजेपेक्षा कितीतरी जास्त ठेवायची, ती जादा ताकद म्हणजे राखीव. नवा सेन्सर असतो तेव्हा राखीव भरपूर. मग हळूहळू धातूवर घाण बसते, थोडा भाग सुटतो, थोडा भाग कोरडा पडतो, तरी रीडिंग बरोबर येत राहतं कारण राखीव खर्च होत असतं. आणि एक दिवस राखीव संपतं, तिथनं पुढं रीडिंग घसरायला लागतं. जुन्या पद्धतीचा इलेक्ट्रोड, म्हणजे प्लॅटिनम ब्लॅकची पावडर टेफ्लॉनमध्ये मळून पडद्यावर दाबलेली, त्याच्यात चौरस सेंटीमीटरला काही मिलिग्रॅम धातू असतो पण तो इतका बारीक की खरं क्षेत्रफळ दिसतं त्याच्या शेकडो पट. काचेवर मारलेली गुळगुळीत थिन फिल्म म्हणजे दिसतं तेवढंच, फार तर दुप्पट-तिप्पट. राखीव जवळजवळ नाहीच. मग करंट धातूच्या वेगावर अवलंबून राहतो, आणि धातूचा वेग तापमानाबरोबर झपाट्यानं बदलतो, सकाळी एक आकडा, दुपारी शेडमध्ये चाळीस डिग्री झालं की दुसराच. भोकावर चालणाऱ्या सेन्सरला हा त्रास कितीतरी कमी.

मग थिन फिल्म कशाला? कारण ती छोटी होते, मास्क लावून हव्या त्या आकारात होते, तिन्ही इलेक्ट्रोड एकाच पट्टीवर शेजारी शेजारी मारता येतात, प्रत्येक तुकडा दुसऱ्यासारखा निघतो, आणि धातू कमी लागतो. स्वस्त, खिशात मावणारा सेन्सर करायचा तर हाच रस्ता आहे असं मला मनापासून वाटतं. फक्त ती काचेवर न मारता सच्छिद्र पडद्यावर मारली तर राखीवचा प्रश्न बराच सुटतो, कारण मग फिल्मच्या एका बाजूनं गॅस, दुसऱ्या बाजूनं अ‍ॅसिड, आणि मधे धातूच्या हजारो कडा.

हा पडदा म्हणजे ताणलेला टेफ्लॉन. बॉब गोर यांनी १९६९ साली टेफ्लॉनची कांडी झटका देऊन ओढली आणि ती तुटायच्या ऐवजी ताणली जाऊन आत जाळीदार झाली, तेच मटेरियल भारी रेनकोटमध्ये वापरतात, पाणी अडतं आणि वाफ जाते. सेन्सरला नेमकं हेच पाहिजे, अ‍ॅसिड अडावं आणि गॅस जावा. पण त्याच्यावर फिल्म मारणं हे काचेपेक्षा कितीतरी नाजूक काम. टेफ्लॉनला प्लाझ्मा फार सोसत नाही, पॉवर वाढवली की पृष्ठभाग खराब होतो, पडदा आखडतो, म्हणून कमी पॉवर, थोडा वेळ मारायचं, थांबायचं, गार होऊ द्यायचं, परत मारायचं. घाई केली की पडदा गेला.

आणि जाडी किती ठेवायची इथं तर सगळी कसोटी आहे. सोनं कुठल्याही पृष्ठभागावर सुरवातीला सपाट पसरत नाही, त्याची बेटं होतात, सुटी सुटी. काचेवर पाच-दहा नॅनोमीटरच्या आसपास ती बेटं एकमेकाला टेकतात आणि मग वीज वाहायला लागते. जाळीदार टेफ्लॉनवर धागेच धागे असतात, त्यामुळं टेकायला जास्त धातू लागतो. कमी मारलं तर दिसायला फिल्म आहे पण मल्टीमीटर लावला की मेगाओम. जास्त मारलं तर भोकं बुजतात, गॅसला वाट राहत नाही, सेन्सर आळशी होतो. मधला जो पट्टा आहे तो अरुंद आहे, आणि तो प्रत्येक पडद्यासाठी वेगळा, एका कंपनीच्या पडद्याचा आकडा दुसऱ्याला चालत नाही. थिकनेस मॉनिटरवर विसंबून राहता येत नाही हेही इथंच कळतं, कारण तो क्वार्ट्झचा स्फटिक आहे, त्याच्यावर धातू बसला की त्याची फ्रिक्वेन्सी उतरते, सावरब्रे या जर्मन शास्त्रज्ञानं १९५९ साली दाखवलेलं हे गणित, पण ते सपाट स्फटिकावर बसलेलं वजन सांगतं, जाळीच्या आत काय झालं ते नाही सांगत. म्हणून मॉनिटर फक्त रोज तेवढंच मारलं जातंय का हे बघायला, आणि खरा निर्णय रेझिस्टन्स आणि गॅसला किती लवकर उत्तर देतोय यावर.

काचेवर किंवा अ‍ॅल्युमिनावर मारायचं असेल तर अडचण दुसऱ्या बाजूनं येते. सोन्याला ऑक्साइड व्हायचं नसतं, आणि काच ही सगळी ऑक्साइडच, त्यामुळं दोघांचं जमत नाही, बोटानं घासलं तरी सोनं निघून येतं. म्हणून आधी पाच-दहा नॅनोमीटर क्रोमियम किंवा टायटॅनियम मारायचं, त्याला ऑक्साइड आवडतं, ते काचेलाही धरतं आणि वरच्या सोन्यालाही. यासाठी चेंबर एक मिलिबारच्या लाखाव्या भागाच्याही खाली गेलेला पाहिजे, नाहीतर टायटॅनियम काचेपर्यंत पोचायच्या आधीच उरलेल्या हवेतला ऑक्सिजन धरून बसतो, आणि दोन्ही थर व्हॅक्यूम न तोडता एकामागोमाग एक मारायचे. काच साबणाच्या पाण्यानं, मग अ‍ॅसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग डीआय वॉटर म्हणजे क्षार काढलेलं पाणी, नायट्रोजननं वाळवून लगेच आत. इथपर्यंत सगळे करतात. वर चिकटपट्टी लावून झटक्यात ओढतात, सोनं जागेवर राहिलं की फिल्म पास.

पण ती टेस्ट कोरडी आहे. सेन्सरमध्ये ही फिल्म सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये बसणार आहे. फिल्मला डोळ्यांना न दिसणारी टाचणीएवढी सुद्धा नाहीत अशी भोकं असतातच, धुळीचा एक कण काचेवर राहिला की तिथं भोक. त्या भोकातनं अ‍ॅसिड खालच्या क्रोमियमपर्यंत जातं. वर सोनं, खाली क्रोमियम, मधे अ‍ॅसिड, म्हणजे आपण न मागता एक छोटी बॅटरी तयार झाली, आणि त्यात झिजणार कोण तर क्रोमियम. ते विरघळलं तरी आणि ऑक्साइड झालं तरी सोन्याची पकड जातेच. भोकाच्या भोवती आधी फुगवटा येतो, मग पापुद्रा, मग तो पापुद्रा अ‍ॅसिडमध्ये तरंगायला लागतो. शिवाय क्रोमियमला अजून एक खोड आहे, फिल्म तापवली की ते सोन्याच्या कणांच्या मधल्या फटींतनं वर सरकतं आणि पृष्ठभागावर ऑक्साइड होऊन बसतं, म्हणजे वरनं सोनेरी दिसणाऱ्या इलेक्ट्रोडवर कामाची जागा क्रोमियम ऑक्साइडनं अडवलेली. म्हणून मी क्रोमियम टाळतो. टायटॅनियम जास्त टिकतं, आणि टायटॅनियम आणि सोन्याच्या मधे प्लॅटिनमचा किंवा पॅलेडियमचा पातळ थर घातला तर अजून चांगलं, इलेक्ट्रॉनिक्सवाले हे तीन थरांचं तंत्र कधीपासनं वापरतात. खर्च वाढतो हे खरं, पण किती वाढतो ते वर मामांना सांगितलेल्या हिशोबानं काढून बघा.

जोडणीची वायर हा पण दुर्लक्षित भाग. सिल्व्हर पेस्टनं वायर चिकटवायची सवय सगळ्या लॅबमध्ये आहे, कोरड्या कामाला ठीक, पण अ‍ॅसिड कडेकडेनं वर चढतं, चांदीपर्यंत पोचतं, चांदी विरघळते आणि दुसऱ्या इलेक्ट्रोडवर जाऊन बसते, मग बेसलाइन, म्हणजे गॅस नसतानाचा आकडा, कुठल्या कुठं भरकटते. प्लॅटिनमची बारीक पट्टी नुसती दाबून ठेवावी, बास.

मग फिल्म चांगली आहे हे ओळखायचं कसं? माझा विश्वास सायक्लिक व्होल्टॅमेट्रीवर. सौम्य सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये पोटेन्शियल वरखाली फिरवायचं, प्लॅटिनम असेल तर हायड्रोजन चिकटण्याचा चार्ज खऱ्या क्षेत्रफळाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरला २१० मायक्रोकुलोम, सोनं असेल तर ऑक्साइड परत निघण्याचा साधारण ३९० ते ४००. म्हणजे चार्ज मोजला की खरं क्षेत्रफळ हातात. मी फिल्म नवी असताना हे मोजतो, मग अ‍ॅसिडमध्ये तशीच सोडून देतो, आणि परत मोजतो. क्षेत्रफळ टिकलं तर फिल्म खरी. हा एक आकडा मला दहा सुंदर मायक्रोस्कोप फोटोंपेक्षा जास्त सांगतो, आणि दुःख याचं वाटतं की कितीतरी पेपरमध्ये पहिल्या दिवसाचा आकडा असतो आणि महिन्यानंतरचा नसतो.

हे सगळं मला एवढं जवळचं का वाटतं तर कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, या पट्ट्यात फाउंड्र्या आहेत आणि साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत. फाउंड्रीवाले सांगतात आता कोकवर चालणारी कुपोला भट्टी नाही, विजेची इंडक्शन फर्नेस आहे, मग सीओ कुठनं येणार. येतो. वाळूच्या साच्यात कोल डस्ट असते, वाळू धरून ठेवणारा बाइंडर असतो, त्याच्यावर वितळलेलं लोखंड ओतलं की ते जळून कार्बन मोनॉक्साइड निघतोच, ओतताना पण आणि नंतर साचा फोडताना पण. फॅक्टरी अ‍ॅक्टच्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये आठ तासांची मर्यादा सीओला ५० पीपीएम होती, हायड्रोजन सल्फाइडला १०. आणि फाउंड्रीत सीओ सेन्सरपुढं दोन अवघड प्रश्न आहेत जे लॅबमधल्या सिलेंडरवर कधीच दिसत नाहीत. एक, ओल्या वाळूतल्या पाण्याची तापलेल्या लोखंडाशी रिअ‍ॅक्शन होऊन हायड्रोजन सुटतो, आणि प्लॅटिनमला हायड्रोजन पण आवडतो, म्हणजे रीडिंगमध्ये सीओ किती आणि हायड्रोजन किती हे एका इलेक्ट्रोडवरनं कळत नाही, वेगळा इलेक्ट्रोड ठेवून वजा करावं लागतंय. दोन, फ्युरान नावाच्या बाइंडरबरोबर जे सल्फोनिक अ‍ॅसिड वापरतात त्यातनं गंधकाचे वायू निघतात, आणि गंधक प्लॅटिनमला धरून बसतो आणि सोडत नाही. जाड प्लॅटिनम ब्लॅक हा मार बराच काळ सोसतो, थिन फिल्मचं राखीव थोडं, ती लवकर जाते. म्हणून तोंडावर फिल्टर लागतोच, आणि तो ठरलेल्या वेळी बदलायला लागतोच.

हायड्रोजन सल्फाइडसाठी मात्र सोनं, कारण अ‍ॅसिडमध्ये सोन्यावर सीओ आणि हायड्रोजन फारसे हालचाल करत नाहीत. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशच्या, म्हणजे सांडपाण्याच्या, टाक्या, गटारं, सेप्टिक टँक, इथं हाच गॅस माणसं मारतो. अगदी कमी असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणजे धोका वाढला की सूचना बंद. वास येत नाही म्हणून माणूस आत उतरतो. माणसाला गटारात उतरवू नये असा कायदा २०१३ साली झाला, तरी बातम्या येतच राहतात. आत उतरणाऱ्या माणसाच्या गळ्यात नाही तर निदान वर झाकणाजवळ एक चालू सेन्सर असावा एवढी माझी इच्छा आहे, आणि तो परवडावा म्हणून हे थिन फिल्मचं वेड.

आणि मग आपला पाऊस. सेन्सरमधलं अ‍ॅसिड साधारण ५ मोलार तीव्रतेचं ठेवतात कारण हवेत ६० टक्के आर्द्रता असली की ते पाणी घेतही नाही आणि सोडतही नाही. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता दिवसच्या दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. ८० टक्क्यांना तेच अ‍ॅसिड पाणी ओढून दीडपट होतं, ९० ला दुपटीच्या पुढं. एका दिवसात नाही, बारीक भोकातनं आठवडेच्या आठवडे घेत राहतं, पण आपल्याकडं पावसाळा काही आठवड्यात संपत नाही, आणि घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याकडं तर विचारूच नका. आत रिकामी जागा ठेवली नसेल तर अ‍ॅसिड पडद्यावर दाब देतं, जाळीत शिरतं, कडा बुडतात आणि बुडालेल्या कडेला गॅस पोचत नाही. मग मार्च-एप्रिलमध्ये उलटं, अ‍ॅसिड घट्ट होतं, आटतं, फिल्मचा काही भाग कोरडा पडतो. वर्षाचा हा एक फेरा फिल्मला सोसला पाहिजे, म्हणून टेस्ट करताना मी ती दमट डब्यात आणि कोरड्या डब्यात आळीपाळीनं ठेवतो, नुसतं एसी लॅबमध्ये ठेवून काही कळत नाही.

ज्यांच्या कारखान्यात असले डिटेक्टर आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट, यासाठी सायन्स माहीत असायची गरज नाही. बिघडलेला इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर ओरडत नाही, तो शून्य दाखवतो, आणि स्वच्छ हवेत चांगला सेन्सरही शून्यच दाखवतो. त्यामुळं शिफ्ट सुरू व्हायच्या आधी टेस्ट गॅस सोडून बघणं, ज्याला बंप टेस्ट म्हणतात, ते टाळू नका. आणि आकडा बरोबर आला का एवढंच बघून मशीन खिशात टाकू नका, तो आकडा यायला किती सेकंद लागले तेही सुपरवायझरच्या वहीत लिहून ठेवा, कारण राखीव संपत आलं की बहुतेक वेळा सेन्सर आधी मंद होतो आणि आकडा नंतर चुकतो, आणि त्या मधल्या काळातच तो बदलून घ्यायचा असतो.